ओटीतलं कार्ड

डोणवाडीच्या आसराबाईला रस्त्यानं जाताना पाहिलं की नवख्या माणसाला वाटावं, ही बाई कुणाशी तरी भांडायला निघालीय. पदर खोचलेला, काखेत रेक्झिनची पिशवी, नजर नाकासमोर. भांडण-बिंडण काही नसतं. कुणाच्या बाळाचं वजन करायचं असतं, नाहीतर कुणाला लोहाच्या गोळ्या पोचवायच्या असतात. डोणवाडी म्हणजे अंबड तालुक्यातलं, अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या अलीकडचं हजार-बाराशे वस्तीचं गाव. आसराबाईचा नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. दोन वर्षांनी तिला गावाची आशा सेविका म्हणून काम मिळालं, त्यालाही आता चौदा वर्षं झाली. गावात कोण कितव्या महिन्यात आहे हे त्या त्या नवऱ्याच्या आधी तिला माहीत असतं, असं बाया हसून म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

या चौदा वर्षांत तिच्या हातून एकच बाळंतीण गेली. खरं तर ती बाळंतीण झालीच नाही. तिचं नाव रुक्मीण.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सातव्या महिन्यात सासरी ओटी भरायची, नारळ, खण, तांदूळ पदरात घालायचे आणि त्याच दिवशी पोरीनं माहेरच्या माणसांबरोबर गाडीत बसायचं. रुक्मीण अशीच घनसावंगीकडं माहेरी गेली. आसराबाईला कळलं आठ दिवसांनी. तिनं सासूला विचारलं, "कार्ड दिलं का तिच्यासंगं?" दर तपासणीची नोंद ज्यात असते ते सरकारी कार्ड. सासू अभिमानानं म्हणाली, "देते काय! प्रवासात हरवलं मंजे? पेटीत ठेवलंय, राशनकार्डाजवळ." आसराबाईनं कपाळाला हात लावला. कारण त्या कार्डावर शेवटचा रक्तदाब हद्दीवरचा होता आणि उपकेंद्राच्या सिस्टरनं खाली लिहिलं होतं, आठवड्यानं पुन्हा दाखवा.

आसराबाईनं धाडलेला निरोप वाटेतच राहिला, माहेरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरीचे पाय सुजले, तर पहिलटकरणीचे सुजतातच म्हणाले. डोकं दुखायला लागलं, तर पित्त झालं म्हणाले. आठव्या महिन्यात तिला झटके आले आणि दवाखान्याच्या वाटेवर रुक्मीण गेली, पोटातल्या बाळासकट. दहाव्यानंतर सासूनं ते कार्ड आणून आसराबाईच्या हातात दिलं. इतकं जपून ठेवलेलं की त्याला एक घडीसुद्धा पडलेली नव्हती.

आता यात दोष कुणाचा म्हणाल? सासू काही वैरीण नव्हती. सरकारी कागद जपायचा एवढंच तिला जन्मभर शिकवलं गेलं होतं. माहेरच्यांनी पोरीला तळहातावर ठेवलं होतं. सगळ्यांनी आपापल्या परीनं नीटच केलं आणि पोर मेली, हेच आसराबाईच्या डोक्यातून जाईना. मनाशी तिनं एकच गोष्ट धरली. पुन्हा आपल्या गावची पोरगी अशी जाऊ द्यायची नाही. कशी, ते मात्र तिला उमगत नव्हतं.

पुढच्या वर्षी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर मदीहा आली. वय तिशीच्या आत, डोक्यावर ओढणी, हातात प्रश्नांच्या कागदांची चळत. पहिलटकरणी माहेरी गेल्यावर त्यांच्या तपासण्यांचं काय होतं, हे तिला मोजायचं होतं. आसराबाईनं तिला आधी चहा पाजला आणि मग रुक्मीणची सगळी हकीकत सांगितली. मदीहानं ती पेन खाली ठेवून ऐकली, हे आसराबाईला आवडलं. नंतर दोन वर्षं मदीहा जिल्हाभर फिरली. कधी एसटीनं, कधी कुणाच्या मागं मोटारसायकलवर. चारशे बारा पोरींची माहिती तिनं गोळा केली. निघालं ते असं की माहेरी गेल्यावर पाच-सहा आठवडे या पोरींना कुणी तपासतच नाही. सासरची आशा म्हणते, ती आता आमच्याकडं नाही. माहेरची आशा म्हणते, ती आमच्या यादीत नाही. दर तिघींमधल्या दोघींची कार्डं सासरीच राहतात. ज्यांचं कार्ड सोबत जातं त्यांची तपासणी होते, आणि धोका असला तर तो वेळेत दिसतो.

"यवढं मोजायला दोन वर्षं लागले?" आसराबाई म्हणाली. "मला इचारलं असतं तर मी चुलीपुढं बसून सांगितलं असतं."

मदीहा हसली. "सांगितलंच होतं की तुम्ही, ताई. पण तुमच्या एकटीचं साहेब ऐकणार नाहीत. चारशे बाराजणींचं ऐकतील."

आणि साहेबांनी ऐकलं बरं का. मदीहाचा जाडजूड इंग्रजी अहवाल वरती गेला, वाचला गेला, कुणालातरी तो पटलाही. फक्त वरून खाली येताना त्याचं एक प्रपत्र झालं. सरकारात चांगल्या गोष्टीचं बहुतेक असंच होतं. सत्तावीस रकान्यांचा कागद, 'गरोदर मातेच्या स्थलांतराबाबतची माहिती'. नवव्या रकान्यात स्थलांतराचं प्रयोजन लिहायचं होतं. पोरगी आईकडं चाललीय, याच्यापलीकडं काय प्रयोजन असणार! हा कागद आशानं पोरगी निघण्याच्या दिवशी भरायचा आणि तालुक्याला पाठवायचा. वर्षभरात तालुक्याला जे कागद गेले ते बहुतेक कोरे, नाहीतर पोरगी जाऊन महिना लोटल्यावर अंदाजानं भरलेले.

मग जालन्याला आढावा बैठक लागली. साठेक आशा, चार साहेब, बिस्किटांच्या बशा. मोठ्या साहेबांनी कोरं प्रपत्र वर धरून दाखवलं आणि आवाज चढवला. "एवढं संशोधन झालं, आम्ही धोरण आणलं, आणि तुम्हाला एक साधा कागद भरता येत नाही?"

खाली मान घालून ऐकायची बायांना सवय होती. आसराबाईलाही होती. पण त्या दिवशी तिला रुक्मीणचं ते घडी न पडलेलं कार्ड आठवलं आणि ती उभी राहिली.

"सायेब, कोण कवा माहेरी चाल्ली हे आमाला कळतच न्हाई."

"का कळत नाही? त्याच गावात राहता ना?"

"ऱ्हातो. पण ओटी भरली की पोरगी त्याच दिवशी गाडीत बसती. आन् ओटीला आमाला कुणी बोलवत न्हाई." "इथं बसलेल्या बायायमधी इचारा एकदा, नवरा नसलेल्या किती हायेत ते. हात वर करायला लावा."

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. त्याच्या शेजारचा आला. कुणी अर्धवट उचलला, कुणी चटकन उचलून चटकन खाली घेतला. मदीहा भिंतीला टेकून उभी होती, तिनं मोजले. तेवीस. आशाचं काम द्यायचं तर विधवा-परित्यक्तांना आधी, हे चांगलं मनानं ठरवलेलं होतं. त्याच बायांना पहिलटकरणीच्या ओटीला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हे मात्र ठरवणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानी आलं नव्हतं.

"हे मी विचारलंच नव्हतं," मदीहा सगळ्यांसमोर म्हणाली. "माझ्या कागदावर हा प्रश्नच नव्हता." एवढं शिकलेल्या माणसानं आपली चूक अशी उघड बोलून दाखवावी, याचं आसराबाईला फार नवल वाटलं.

"मग उपाय काय तुमच्या मते?" साहेबांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

उपाय आसराबाईनं काही घरून ठरवून आणला नव्हता. तो तिथंच, बोलता बोलता सुचला. "सायेब, कागद पेटीत राहतो. ओटी न्हाई ऱ्हात पेटीत. ओटीत घातलेलं माहेरच्या देवापुढं जाईस्तोर कुणी काढत न्हाई. कार्ड ओटीतच घाला ना. नारळासंगं. आन् ते आशानंच घालायचं, असं तुमीच कागदावर लिव्हा. तुमी लिव्हल्याबिगर आमाला कुणी आत घेणार न्हाई."

साहेब गोंधळले. सरकारी परिपत्रकात ओटी हा शब्द कसा घालायचा? वेगवेगळे समाज आहेत. तेव्हा वाटूरची आशा रजिया बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमच्यात पण सातव्या महिन्यात गोद भरतात, सर. सातव्या महिन्याचा कार्यक्रम लिहा. सगळे आले त्यात." रजियाचा हात मघाशी वर नव्हता, पण आसराबाईशेजारच्या बाईचा वर केलेला हात तिनं धरून ठेवला होता.

सत्तावीस रकान्यांच्या जागी तीन ओळी झाल्या. सातव्या महिन्याच्या कार्यक्रमात आशानं स्वतःच्या हातानं कार्ड ओटीत घालायचं. तिथूनच माहेरच्या आशाला फोन करायचा. माहेरच्या आशानं तीन दिवसांत रक्तदाब मोजून घ्यायचा आणि पुढं दर आठवड्याला. साहेबांना आता इतका हुरूप आला की ते म्हणाले, उद्यापासून सगळ्या जिल्ह्यात. मदीहानं अडवलं. आधी निम्म्या गावांत करू, निम्मी तशीच ठेवू, मोजून बघू, खरंच फरक पडला तर सगळीकडं. गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. डोणवाडीची चिठ्ठी पहिल्या निम्म्यात निघाली तेव्हा आसराबाईला हायसं वाटलं. मागून भीतीही वाटली, कारण आता बोललेलं करून दाखवायचं होतं.

आणि नेमकी कौसाबाईची सून सातव्यात होती.

कौसाबाई म्हणजे गावातलं मोठं खटलं. नवरा कडूबा शांत माणूस, बायकोच्या पुढं न बोलण्याचं शहाणपण त्यानं फार लवकर मिळवलं होतं. सून राजनंदिनी, बावीस वर्षांची, माहेर वाटूर. तिच्या पायाला सूज होती आणि कार्डावर रक्तदाबाच्या आकड्याखाली सिस्टरनं लाल रेघ मारली होती. तो आकडा आसराबाईनं ओळखला. रुक्मीणचा आकडा हाच होता. ती परिपत्रक घेऊन कौसाबाईकडं गेली.

कौसाबाईनं ते वाचून घेतलं, दोनदा. मग ती मवाळ आवाजात बोलली. कौसाबाई मवाळ बोलली की समजावं, काम होणार नाही. "आसरा, तुझ्यावर माझा काय राग न्हाई बाई. पण पैली सून हाय. चार बाया चार बाजूंनी बोलत्यात. तू कार्ड माझ्यापाशी दे. मी घालते बराबर ओटीत."

आसराबाईला परिपत्रक पुढं करून हक्क सांगता आला असता. पण पंधरा-सोळा वर्षं ज्या उंबऱ्याशी थांबायची सवय झाली, तो एका कागदावर ओलांडायला पाय उचलेना. तिनं कार्ड दिलं. "काकू, विसरू नका," एवढं म्हणाली आणि घरी आली.

ओटीचा दिवस शुक्रवारचा. सकाळपासून कौसाबाईच्या अंगणात मंडप, वाटूरहून जीप आलेली, बायांची गाणी अर्ध्या गावाला ऐकू येत होती. आसराबाई घरात डाळ निवडत बसली. निवडलेली डाळ पुन्हा निवडली. गाणं थांबलं की तिला वाटे, आता पदरात तांदूळ पडले असतील, आता नारळ, आता कार्ड. घातलं असेल ना? आणि नसलं तर? नसलं तर जीप तासाभरात निघणार, आणि आपण पुन्हा आठ दिवसांनी कपाळाला हात लावून बसणार. तिला स्वतःचाच असा संताप आला की सूप तिनं जवळजवळ फेकलंच. जालन्याला साहेबांपुढं उभी राहिलीस आणि कौसाकाकूच्या उंबऱ्याला भितेस होय गं?

ती उठली. पदर खोचला आणि निघाली.

मंडपात ती आली तसं गाणं मधेच थांबलं. बेबीनंदा, कौसाबाईची शेजारीण, तोंडानं चुकचुकली. पाटावर राजनंदिनी हिरव्या साडीत बसलेली, पदरात ओटी भरलेली. आसराबाई उंबऱ्याशीच उभी राहिली.

"काकू, कार्ड घातलं का?"

"हाय ना," कौसाबाई म्हणाली, पण तिनं नजर चुकवली. "नारळाखाली चुरगळंल म्हून जरा आत ठेवलं. पेटीत. हरवाया नको."

गावात रुक्मीणला विसरलेलं कुणी नव्हतं. पेटी हा शब्द ऐकला आणि कौसाबाईच्या स्वतःच्याच चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं, अगदी त्या घडीला. ती वळली, आत गेली, पेटीचं झाकण आदळल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं कार्ड आसराबाईपुढं धरलं.

आसराबाईचा हात पुढं झाला आणि थबकला. पाटावर बसलेल्या राजनंदिनीनं मग आपणच पदर पसरला. "आशाताई, तुमीच घाला. जल्दी करा, गाडी निघायचीय."

आसराबाईनं उंबरा ओलांडला आणि कार्ड ओटीत घातलं, नारळाला टेकवून. चार बायांपैकी कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, पण बोललं कुणी नाही. मग तिनं राजनंदिनीच्या आईला समोर बसवून लाल रेघ दाखवली, डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर एक दिवसही घरी थांबायचं नाही असं तीनदा बजावलं, आणि तिथूनच रजियाला फोन लावला. "येऊन राह्यली बरं का," ती म्हणाली. "रक्तदाब हद्दीवर हाये."

"येऊ द्या ताई. मी बघते," रजिया म्हणाली.

आणि तिनं बघितलं. दोनच दिवसांत राजनंदिनीला उपकेंद्रात नेलं. आकडा थोडा वर होता, गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या आठवड्यात तोच. दर शुक्रवारी रजियाचा फोन येई आणि आसराबाई आकडा वहीत लिही. पाचव्या शुक्रवारी रजियाचा फोन दुपारीच आला, घाईत. एकशे चौसष्ट, एकशे दहा. पोरगी म्हणतेय सकाळपासून डोकं ठणकतंय. घरचे म्हणाले, उन्हानं असेल, उद्या बघू. "मी म्हटलं, कार्ड बघा, लाल रेघ बघा, उद्या नाही, आता," रजिया सांगत होती. "ॲम्बुलन्समध्येच आहे मी तिच्यासोबत. जालन्याला चाललोय. सिस्टरनं सुई दिलीय, झटके येऊ नयेत म्हणून. दुवा करा ताई."

आसराबाईनं ते दोन दिवस कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. कामं सगळी केली, पण विचारलं असतं तर एकही सांगता आलं नसतं. कौसाबाई आणि कडूबा जालन्याला गेलेले. फोन तिनं क्षणभरही दूर ठेवला नाही.

रविवारी सकाळी तो वाजला.

"ताई," रजिया म्हणाली, आणि तिच्या आवाजावरूनच आसराबाईला कळलं. "मुलगी झाली. दोन किलोला थोडी कमी आहे. रडली मात्र मोठ्यानं. आईचं बीपी उतरलं. दोघी बिलकुल चांगल्या आहेत."

आसराबाई उभी होती तिथंच खाली बसली. सहा वर्षांचं ओझं अंगावरून उतरतं ते असं धाडकन उतरत नाही, पण पहिल्यांदाच तिला नीट, पोटभर श्वास घेता आला. तोंडावर पाणी मारून ती कौसाबाईच्या घराकडं निघाली, तिथल्या म्हाताऱ्या आजीला सांगायला. बातमी तिच्या आधीच पोचली होती. कडूबानं जालन्याहून चार ठिकाणी फोन केले होते. घरात न बोलणारा माणूस, त्या दिवशी थांबतच नव्हता म्हणे. अंगणात आळीतल्या बाया जमल्या होत्या. कुणी साखर आणली होती, ती तळहातावरून वाटली जात होती. आजीनं आसराबाईला जवळ ओढून तिच्या तोंडात चिमूटभर घातली.

बेबीनंदा जराशी बाजूला उभी होती. साखर खाऊन झाल्यावर ती पदराला हात पुसत आसराबाईपाशी आली. मांडवात आपण चुकचुकलो होतो हे तिलाही आठवत असणार.

"आसराबाई," ती म्हणाली, "आमच्या मनीषाला पुढल्या महिन्यात सातवा लागन. ओटी भरायची हाय. तुमाला कोणता वार जमन, ते आधी सांगा. मंग बाकीच्यायला बोलावते."

आसराबाईनं तिच्याकडं पाहिलं. बेबीनंदा खरंच उत्तराची वाट बघत होती. आसराबाईचे डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. मग पिशवीतून वही काढून पुढच्या महिन्याचं पान उघडलं.

"बुधवार सोडून कोणताबी ठेवा," ती म्हणाली. "बुधवारी लसीकरण असतं."